हंड्याची टाकी

भादवा लागला की माझं डोकं फिरतं. घरातले म्हणतात, म्हातारीला उकाडा सोसत नाही. सोसत नाही हे खरं, पण उकाडा वैशाखातही असतो, तेव्हा मी कुणावर खेकसत नाही. भादव्यातला उकाडा ओला असतो. दुपारी आभाळ उघडतं, जमिनीतून वाफ निघते आणि दिवस मावळायच्या आत वरच्या अंगाला पुन्हा गडगडायला लागतं. पोळा होऊन गेलेला असतो, महालक्ष्म्या यायच्या असतात, अंगणात मुगाच्या शेंगा वाळत पडलेल्या असतात. यंदा त्यात नातसुनेचे दिवस भरत आलेत. दारात जीप उभी आहे, नदीवर पूल आहे, हिंगोलीत गल्लोगल्ली दवाखाने आहेत, तरी मी नातवाला दिवसातून चारदा विचारते, गाडीत तेल हाय का? तो वैतागतो. म्हणतो, आज्जे, टाकी भरलेली आहे, तू झोप बरं. टाकी हा शब्द ऐकला की माझ्या नाकात घासलेटाचा वास शिरतो आणि मग कसली आलीय झोप.

आमच्या घरी मोटारहोडी होती असं सांगितलं तर नवी पोरं तोंडावर हसतात. हिंगोलीकडं कुठली आली मोटारहोडी, म्हणतात. आली होती बाबांनो. आमचं गाव पैनगंगेच्या काठाला. नदीच्या अलीकडं निजामाचा मुलूख, पलीकडं वऱ्हाड, तिथं इंग्रजाचं राज्य. आमची निम्मी जमीन अलीकडं आणि निम्मी पलीकडं. उन्हाळ्यात गाई पायी पार व्हायच्या, पण पावसाळ्यात पलीकडच्या वावरात काय उगवलं आणि काय वाहून गेलं हे दोन दोन महिने कळायचं नाही. लाकडाचा डोंगा होता, पण पुरात डोंगा घालायची कुणाची छाती नव्हती. पलीकडं कुणी इंजिनेर साहेब पुलासाठी नदी मोजायला आला होता. त्याचं काम रद्द झालं आणि तो आपली मोटारहोडी मोडीत काढून गेला. ती माझ्या सासऱ्यानं घेतली. बैल जुंपून ओढत काठावर आणली, वाजंत्री लावली, नारळ फोडला. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे नव्हते आणि होडी म्हातारी झाली होती. रंगाचे पोपडे निघालेले, बाकाच्या फळ्या कुजलेल्या. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, तिच्यावर जीव टाकायचे. मला नवी साडी घ्यायची आठवण त्यांना कधी झाली नाही, पण होडीला डांबर फासायचं एका वर्षी चुकलं नाही.

ती लढाईची वर्षं होती. लढाई कुठं चालली होती हे आमच्यातल्या कुणालाच धड माहीत नव्हतं, पण बाजारातला पत्रा नाहीसा झाला होता. खिळा मिळायचा नाही. इंजन सुरू करायला थोडं पेट्रोल लागायचं आणि तापल्यावर ते घासलेटावर चालायचं. दोन्हीला सरकारी चिठ्ठी लागायची. अशा काळात होडीची लोखंडी टाकी गंजून चाळणी झाली. मालकांनी डांबर लावलं, साबण आणि चिंध्या कोंबल्या, पण एका जागी बुजवावं तर दुसरीकडून पाझरायचं. तेल होडीच्या बुडात साचायचं. एकदा डोंगेवाल्या फुलसिंगनं विडी पेटवायला काडी काढली तर मालकांनी त्याच्या हातावर फटका मारला. फुलसिंग नदीकाठच्या तांड्यातला, मालकांच्या बरोबरीचा, आणि पाण्याची त्याला भारी जाण. त्यानं बुडात साचलेलं ते तेल पाहिलं आणि दोन दिवस होडीत पाय ठेवला नाही.

एरवी कुणी म्हटलं असतं, राहू द्या यंदा, दिवाळीनंतर बघू. पण घरात वन्सं होत्या. काशीवन्सं, माझी नणंद, मालकांची धाकटी बहीण. दोन लेकरं जन्मताच गेलेली आणि तिसऱ्या वेळेला माहेरी आलेल्या. वाशीमला एक डॉक्टरीणबाई होती, तिनं उन्हाळ्यात तपासून बजावलं होतं की हे मूल आडवं यायची भीती आहे, घरी बाळंत करू नका, नववा लागला की माझ्याकडं आणून ठेवा. नववा लागला आणि पोळ्याच्या आसपास पैनगंगा जी चढली ती उतरायलाच तयार नाही. वाशीम पलीकडं. अलीकडं आमच्या माहितीत अशी बाई नव्हती. म्हणजे वन्संला पार न्यायचं तर मोटारहोडी, आणि मोटारहोडी चालवायची तर टाकी. एवढंच सगळं गणित होतं.

वन्सं बोलायच्या कमी. ओसरीच्या पायरीवर पाय सोडून बसायच्या आणि नदीचा आवाज ऐकायच्या. घरात कुणी अंगडं शिवलं नव्हतं, झबलं काढलं नव्हतं. आधी दोनदा शिवून ठेवलेलं तसंच राहिलं होतं. रोज सकाळी मी शेण काढायला निघाले की विचारायच्या, "वैनी, पाणी उतरलं का वो?" मी उतरून राहिलं म्हणायची. खोटं बोलायची. त्यांनाही ते कळायचं, पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा विचारायच्या.

टाकी काय करायची यावर घरात जे चाललं ते आता आठवलं तरी मला हसू येतं आणि लगेच हसल्याचं वाईटही वाटतं. घासलेटाचा डबा आधी बसवून पाहिला. इंजनाच्या हादऱ्यानं त्याचे सांधे अर्ध्या तासात उकलले. कनेरगाव नाक्यावर एक मोडकी सर्व्हिस मोटार पडली होती, तिचं तेलाचं पिंप मालक बघून आले. ते होडीत मावत नव्हतं आणि मावलं असतं तरी निम्म्याहून वर गंजलेलं होतं. जस्ती पत्र्यासाठी हिंगोलीचा सगळा बाजार पालथा घातला. दुकानदार नुसते हात हलवायचे. शेवटी मालक एका दुपारी न्हाणीपाशी उभे राहिले आणि माझ्या हंड्याकडं बघत बसले. मी ओळखलं. बायकांना असलं लगेच कळतं.

तो माझ्या माहेरचा हंडा. औंढ्याच्या बाजारातून माझ्या बापानं आणलेला, जाड तांब्याचा, दोन घागरी पाणी पोटात घेणारा. लग्नात माझ्यामागून तो बैलगाडीत बसून सासरी आला होता. चिंचेनं घासला की त्यात माझं तोंड दिसायचं. मालक म्हणाले, तांबं गंजत नाही, जाड आहे, पोट गोल आहे, तोंड बंद केलं की टाकी तयार. मी म्हटलं, तुमच्या आईचं घंगाळ घ्या. ते म्हणाले, ते पसरट आहे, हेंदकाळेल. मी म्हटलं, मग मला माहेरी धाडा आणि खुशाल घ्या. अशी मी बोलले. मग मागं वळून पाहिलं तर वन्सं दारात उभ्या होत्या. त्या तशाच परत फिरल्या. मी हंड्यातलं पाणी ओतलं आणि दिला. रडत दिला, त्यात लाज कसली.

आमच्याकडं घरातून भांडं बाहेर जाताना रिकामं जाऊ देत नाहीत. शेजारणीची वाटी परत करायची तरी त्यात चिमूट साखर टाकायची, काही नसलं तर चार दाणे टाकायचे. रिकामं भांडं घराबाहेर पडलं की घरातली भर त्याच्याबरोबर जाते, असं मानतात. सासूला मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई या बाबतीत फार कडक. हंडा तांबटाकडं निघाला तेव्हा त्यांनी त्यात मूठभर ज्वारी टाकली आणि हात जोडले. तांबटानं ती ज्वारी ओंजळीत काढून आपल्या पिशवीत घातली. त्यालाही ते नवं नव्हतं.

हिंगोलीच्या त्या तांबटानं हंड्याच्या तोंडावर तांब्याची चकती झाळून पक्की बसवली. चकतीत तेल ओतायला अंगठ्याएवढं नाळकं ठेवलं, बुडाला तोटी लावली, आतून कल्हई तोंड झाळायच्या आधीच केली होती. पाणी भरून रात्रभर ठेवला, थेंब गळाला नाही. तो म्हणाला म्हणे, आजवर पाण्याचे केले, दुधाचे केले, लग्नाचे केले, आगीचा हा पहिलाच. मालक घरी येऊन हे कौतुकानं सांगत होते. मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

बसवायचं काम दोन दिवस चाललं. हंड्याचं बूड गोल, तो फळीवर बसेना. मग आम्ही बायका डोक्यावर घागरीखाली चुंबळ घेतो तशी दोराची जाड चुंबळ केली, ती फळीला दोरीनं आवळून तिच्यात हंडा बसवला. हे मी सुचवलं, आणि मालकांनी ते गावात आपल्या नावावर खपवलं. जुन्या मोटेचं चामडं कापून त्याचे पट्टे केले आणि हंडा आवळला. लोखंडी पट्टी तांब्याला घासून खाईल म्हणून चामडं. तेलाची नळी इंजनापर्यंत नेताना मध्ये एक वेटोळं ठेवलं, म्हणजे हादऱ्यानं तुटायची नाही. सांध्याच्या आट्यांना वन्संच्या पेटीतला अंगाचा साबण चोळला. तेलात साबण विरघळत नाही हे मला तेव्हा कळलं. हंडा इंजनापेक्षा उंच बसला होता, म्हणजे तेल आपोआप खाली उतरणार. मी प्रत्येक सांध्याखाली कोरडं बोट फिरवायची आणि वास घ्यायची. बोटाला वास येईना. किती दिवसांनी घरात कुणीतरी मोकळा श्वास घेतला होता.

मग आत्याबाईंच्या मनात आलं की हंड्याचं रूप बदललंय, तर तो एकदा घरातून नव्यानं निघाला पाहिजे. पट्टे सोडून, तेल डब्यात उतरवून हंडा पुन्हा घरी आणला. ओसरीवर पाट मांडला, हळदकुंकू वाहिलं. मी चुलीपाशी होते, मालक फुलसिंगला बोलवायला गेले होते. मालक परत आले, त्यांनी हंडा खांद्यावर घेतला आणि घाटावर नेऊन पुन्हा बसवला. काठाकाठानं होडी फिरवून पाहिली. इंजन असं चाललं की पलीकडच्या वावरातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढं अजून आहे. नदीवर तांबूस ऊन होतं आणि वन्सं पायरीवर बसून पहिल्यांदा हसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं होतं. पहाटेच वन्संच्या पोटात कळा सुरू झाल्या.

होडीत गोणपाट, त्यावर दोन वाकळा, त्यावर वन्सं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलेलं. मालक इंजनापाशी, फुलसिंग पुढं लांब बांबू घेऊन. आत्याबाई घाटावर हात जोडून उभ्या. पाणी गढूळ, फेस आलेला, मधूनच एखादं झाडाचं खोड वाहत येणारं. पलीकडच्या घाटावर आमचीच बैलगाडी थांबलेली दिसत होती, बैलांची शिंगंही दिसत होती, इतकं ते जवळ होतं. मध्यावर आलो आणि इंजन खोकलं. पुन्हा खोकलं आणि बंद पडलं.

इंजन बंद पडल्यावर नदीचा जो आवाज ऐकू आला तो मी कधी विसरणार नाही. इतका वेळ तो इंजनाखाली दबलेला होता. होडी आडवी झाली आणि वाहायला लागली. फुलसिंगचा बांबू तळाला लागेना. मालकांनी तोटी बंद केली, नळी काढली, फुंकली, तोटीत तार घातली. इंजन लागलं, थोडं चाललं, पुन्हा बंद. तो घाट, ती गाडी, ती शिंगं मागं गेली. मालकांनी पुन्हा तार घातली आणि ती बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाशी ज्वारीचा दाणा होता. मागोमाग तळहातावर आणखी दोन पडले. तेलानं काळे झालेले, टपोरे, आमच्याच वावरातले. मला कुणी सांगायची गरज नव्हती. मालकांनी मूठ मिटली आणि पाण्यात उघडली. माझ्याकडं पाहिलं नाही.

हंडा उघडायची सोय नव्हती, तोंड झाळलेलं. किती दाणे आत आहेत कळायला मार्ग नव्हता. शेवटी त्यांनी नळी हंड्यापासून तोडली, जवळच्या जादा घासलेटाच्या डब्यात तिचं टोक बुडवलं, दुसऱ्या टोकाला तोंड लावून तेल ओढलं आणि ते इंजनाला जोडलं. डबा उंच धरायला हवा होता. मी वन्संचं डोकं वाकळेवर ठेवलं, उठले आणि डबा डोक्यावर घेतला. जन्मभर डोक्यावर पाणी वाहिलेलं, मला तोल सांगावा लागला नाही. घासलेट हेंदकाळून कपाळावरून डोळ्यांत उतरत होतं. डोळे मिटून मी उभी राहिले आणि पायाशी वन्सं ओरडत होत्या. असे आम्ही काठाला लागलो.

पण लागलो ते घाटापासून फार खाली, बाभळीच्या रानात. गाडी चिखलातून तिथवर यायला वेळ गेला. काळ्या मातीत चाकं आसापर्यंत रुतायची. वाशीमला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईनं आम्हाला बाहेर बसवलं आणि बराच वेळ दार उघडलं नाही. मग ती बाहेर आली, हात पुसत. वाईट बोलली नाही. एवढंच म्हणाली, "थोडं आधी आणायला पाहिजे होतं." मुलगा होता. वन्सं वाचल्या, पण पुन्हा पोट पिकायचं नाही, असंही तिनं सांगितलं.

थोडं आधी. हे शब्द मी पुढं किती घरांत ऐकले. प्रत्येक घराला वाटतं ते आपल्यालाच म्हटलंय. त्या थोड्याचं माप काय, ते कुणी सांगत नाही, आणि माणूस आयुष्यभर ते मोजत बसतो. घाटावरून बाभळीच्या रानापर्यंत जेवढं पाणी होतं तेवढं, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, इंजन काहून बंद पडलं? मालक म्हणाले, तेलात कचरा होता. एवढंच. त्या दिवसापासून त्यांनी आईसमोर तो विषय कधी काढला नाही. आणि आत्याबाई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, देवानं असं काहून केलं, माझ्या हातून तर काही राहिलं नव्हतं, मी तर टाकीसुद्धा रिकामी जाऊ दिली न्हाई. हे त्या सांगत असायच्या आणि मी भाकरी थापत असायची. तव्यावर भाकरी इतक्या जोरात आपटायची की त्या म्हणायच्या, काय झालं गं तुला. काही न्हाई म्हणायची. वर्षाच्या आत वन्संच्या घरी दुसरी बायको आली. वन्सं तिथंच राहिल्या, सवतीची लेकरं त्यांनीच न्हाऊ-माखू घातली. माहेरी आल्या की आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायच्या.  त्या मांडीवर डोकं ठेवू नका, असं ओरडून सांगावंसं वाटायचं.

आत्याबाईंचं मी सगळं केलं. दुखण्यात पाय चेपले, शेवटी तोंडात पाणी घातलं. पण मनातून मी त्यांना एक दिवस माफ केलं नाही. ती मूठभर ज्वारी माझ्या छातीत अडकून राहिली होती. आणि मालकांबद्दल मला अभिमान वाटायचा. नवरा रागीट होता, हट्टी होता, पण आईला तिची चूक त्यानं जन्मात कळू दिली नाही. सगळं एकट्यानं गिळलं. असा माणूस मिळायला नशीब लागतं, असं मी स्वतःला सांगायची आणि बाकीचं सोसायची.

आत्याबाईंचा चौदावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. असाच भादवा, असाच ओला उकाडा. आता बोलायला हरकत नाही असं वाटून मी म्हटलं, तुमी लई सांभाळलं बरं आईला. त्या दाण्यांचं कधी तोंडातून निघू दिलं न्हाई.

मालकांनी पायाशी वाळत पडलेली मुगाची एक शेंग सोलली. मग म्हणाले, "मला ठाऊक व्हतं."

काय ठाऊक होतं, मी विचारलं.

"दाण्याचं. ओसरीवरून हंडा खांद्यावर घेतला, तवाच आत वाजले."

 मी म्हटलं, "मंग काढले काहून न्हाईत? उलटा केला असता, नाळक्यातून दोन घडीत पडले असते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हातारा झाला होता माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"काढले असते," ते म्हणाले, "आन् मंग काशीला काई झालं असतं तर?"

 इतकी वर्षं धरलेला राग घेऊन मी कुठं जावं, हेच मला कळेना. इंजनातलं ओ की ठो न कळणाऱ्या म्हातारीवर मी तो काढत राहिले, आणि इंजनाचा स्क्रू अन् स्क्रू ओळखणारा माणूस शेजारी झोपत होता. त्यांच्यावरही मला रागवता येईना. कारण त्या दिवशी ओसरीवर ते दाणे मला वाजलेले ऐकू आले असते, तर मीसुद्धा काढा म्हटलं नसतं.